सिलेक्ट स्टारऐवजी, म्हणजे टेबलातले सगळे कॉलम मागण्याऐवजी, मोजकेच कॉलम मागितले तर होमस्टेची यादी खरंच लवकर उघडेल का?

उघडेल, पण कुठले कॉलम गाळता त्यावर सगळं आहे. तुम्ही लिहिलंय की डेटाबेस पोस्टग्रेस आणि वेबसाइट जँगोत (पायथनची वेब चौकट) आहे, गोव्यातल्या होमस्टेंचं एकच टेबल, त्यातच फोटो आणि मराठी वर्णन, आणि डिसेंबरच्या गर्दीत तालुकावार यादी रखडते.

पोस्टग्रेस रो (टेबलातली एक ओळ, इथे एक घर) अख्खी ठेवतं. डेटा 8 केबीच्या पेजांत ठेवलेला असतो; एक पेज वाचलं की त्यावरच्या रोंचे सगळे कॉलम सोबत आलेच. म्हणून पिनकोड, फोन, दोन-चार तारखा गाळून हाती फारसं काही लागत नाही. फोटोचं तसं नाही. रो साधारण 2 केबीच्या वर गेली की मोठी मूल्यं टोस्ट नावाच्या वेगळ्या टेबलात, 2 केबीहून जरा लहान तुकड्यांत जातात आणि तो कॉलम मागितला तरच वाचली जातात. 300 केबीचा एक फोटो म्हणजे दीडशेच्या आसपास तुकडे. 20 घरांच्या यादीला असे तीनेक हजार तुकडे जुळवून 6 एमबी पाठवायचे! हा कॉलम आधी काढा. खरं तर फोटो टेबलात नकोच, फाइलचा पत्ता पुरे.

वर्णनाची गोम वेगळी. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं, काना-मात्राही त्यात आल्या. 500 चिन्हांचं वर्णन 1.5 केबी होतं, म्हणजे टोस्टमध्ये न जाता रोमध्येच बसून राहतं. मग पेजवर जेमतेम चार-पाच घरं मावतात आणि वर्णन न मागताही ती पेजं वाचावीच लागतात. इथे इंडेक्स (पटकन शोधायची वेगळी सूची) कामाला येतो: तालुका आणि भाडं यांवर इंडेक्स, इन्क्लूडमध्ये, म्हणजे इंडेक्समध्येच सोबत ठेवायच्या जादा कॉलमांत, आयडी आणि नाव (पोस्टग्रेस 11 पासून). काणकोणची घरं भाड्याच्या क्रमाने हवी असतील तर टेबलाला हात न लावता मिळतात. क्वेरीच्या प्लॅनमध्ये इंडेक्स ओन्ली स्कॅन (फक्त इंडेक्स वाचणं) दिसला तरी हीप फेचेस, म्हणजे टेबलाकडे किती वेळा जावं लागलं, ते बघा. प्रत्येक बुकिंगला त्याच रोमध्ये ‘रिकामं आहे का’ बदलत असाल तर तो आकडा फुगतो. व्हॅक्यूमने (पोस्टग्रेसच्या साफसफाईने) उतरतो, पण बुकिंगची माहिती वेगळ्या टेबलात नेणं बरं.

मोजताना एक फसगत होते. एक्सप्लेन ॲनालाइझ (क्वेरी चालवून तिचा प्लॅन आणि वेळ दाखवणारी आज्ञा) निकाल पाठवतच नाही, त्यामुळे टोस्टमधले फोटो उलगडलेही जात नाहीत. स्टारवाली क्वेरी तिथे झटपट दिसते आणि खापर इंटरनेटवर फुटतं. पोस्टग्रेस 17 असेल तर सिरियलाइझ पर्याय जोडा, म्हणजे निकाल पाठवण्याजोगा करायचा वेळही मोजला जातो. जुनी असेल तर ॲपमधूनच वेळ मोजा.

जँगोत ओन्ली (मोजकेच कॉलम आणायची पद्धत) वापरलंत आणि पान मांडणाऱ्या टेम्प्लेटने चुकून वर्णनाला हात लावला, तर प्रत्येक घरामागे एक जादा क्वेरी जाते, तीही गुपचूप. यादीसाठी व्हॅल्यूज (मागितलेल्या कॉलमांची नुसती मूल्यं देणारी पद्धत) वापरा: न मागितलेला कॉलम तिथे नसतोच, त्यामुळे जादा क्वेरी जायचा प्रश्नच येत नाही. फक्त टेम्प्लेटमध्ये ती जागा मुकाट्याने कोरी राहील, तेवढं तपासा.