पहिलं सर्टिफिकेट कोणतं?

"मॅडम, आधी नेटवर्क प्लस करू की थेट सीसीएनए?" या दोन्ही कॉम्प्युटर नेटवर्कच्या कामाचं सर्टिफिकेट देणाऱ्या परीक्षा. कुडाळला माझ्याकडे समुपदेशनाला येणारी डिप्लोमावाली मुलं हा प्रश्न इतक्यांदा विचारतात, की आता उत्तर एकदा लिहूनच टाकते.

निखिल (नाव बदललं आहे) देवगडकडचा. एका स्थानिक इंटरनेटवाल्याकडे फायबर जोडणीचं काम करायचा. दोन्ही परीक्षांची माहिती त्याला तोंडपाठ होती. नेटवर्क प्लस कोणत्याही एका कंपनीच्या यंत्रांशी बांधलेली नाही. ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न. सीसीएनए नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्को कंपनीची, १२० मिनिटांची, आणि तिच्यासाठी आधीची कुठलीही परीक्षा लागत नाही. दोन्ही तीन वर्षं चालतात. एवढं ठाऊक असूनही वर्ष तसंच गेलं होतं.

"चुकीची निवडली तर काय होईल?"

"संपलंच मग. सीसीएनएची फी ३०० डॉलर, वर टॅक्स. बाबा आंब्याच्या पैशातनं देतत. यंदा कलमांका मोहोरच उशिरा इलो."

मी विवेकनिष्ठ विचारसरणीने काम करते. माणूस प्रसंगाने जेवढा अडतो, त्याहून जास्त त्या प्रसंगाबद्दलच्या स्वतःच्या आग्रहाने अडतो, असं ही विचारसरणी मानते. निखिलचा आग्रह स्पष्ट होता: पहिली निवड अचूक असलीच पाहिजे. पण तो मी त्याला ऐकवला असता, तर त्याने मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा तुलनेचे व्हिडिओ पाहिले असते. म्हणून मी त्याच्या कामाबद्दल विचारलं. अलीकडचा अवघड फॉल्ट कोणता?

तो खुर्चीत पुढे सरकला. एका वाडीत अर्ध्या घरांचं नेट गेलं होतं. सिग्नल व्यवस्थित. एका घरातल्या राउटरला मिळालेला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा पत्ता, त्याने पाहिला, तर तो कंपनीच्या रेंजमधला नव्हताच. कुणीतरी नवा राउटर आणून बाहेरून येणारी केबल वॅनच्या (बाहेरच्या जोडणीच्या) पोर्टाऐवजी लॅनच्या (घरातल्या यंत्रांच्या) पोर्टात खोचली होती, आणि तो राउटर शेजाऱ्यापाजाऱ्यांना आयपी वाटत सुटला होता.

"हे लगेच सापडलं?"

"नाय ओ. आधी वाटलं जॉइंट गेला. तो उघडून बघितला."

"म्हणजे पहिला अंदाज चुकला. मग काय संपलं?"

तो गप्प झाला. अशा वेळी मीही गप्प बसते. ती शांतता भरून काढायची नाही, हे मी या कामात कमावलं आहे. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मग दुसरं तपासलं." आणि हसला.

आम्ही सीसीएनएचा अभ्यासक्रम उघडला. सुरक्षेच्या भागात डीएचसीपी स्नूपिंग दिसलं. भलत्याच राउटरने वाटलेले आयपी स्विचवरच अडवायची ती सोय. "ह्या तर आमच्याच वाडीतला!" निखिलने थेट सीसीएनए धरलं.

पण त्याचं उत्तर तुमचं असेलच असं नाही. आयपी, सबनेट, डीएनएस हे शब्दच नवे असतील, तर नेटवर्क प्लसचा अभ्यास किंवा सिस्कोची सीसीएसटी ही प्राथमिक परीक्षा आधी घ्या. संगणक उघडून दुरुस्त करायचा असेल, हेल्पडेस्कची नोकरी हवी असेल, तर ए प्लस ही परीक्षा जवळची. मुंबई, पुणे, पणजी, जिथे जायचं तिथल्या नोकरीच्या जाहिराती वाचा आणि कोणतं नाव सारखं येतं ते टिपून ठेवा. पालकांनाही सांगते, फीचा विषय मुलांशी उघड बोला. न बोललेल्या पैशाचं ओझं त्यांना जास्त होतं.

आणि फी लगेच भरू नका. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे नेटवर्कच्या सरावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, घरच्या लॅपटॉपवर चालतं. त्यात दोन व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्कं) करा, त्यांच्यात राउटिंग चालवा, मुद्दाम काहीतरी बिघडवा आणि शोधून काढा. वहीत न बघता हे जमायला लागलं की परीक्षेची तारीख घ्या.