कोबोलमध्ये ५० मधून ८० गेले की ३० कसे उरतात?

कोबोल या प्रोग्रॅमिंग भाषेतील प्रोग्रॅमबद्दल तुमच्या तक्रारी दोन आहेत. शिल्लक ५० असताना ८० खर्च वजा केला तर उत्तर ३० येते आणि ‘शिल्लक अपुरी’ हा संदेश कधीच दिसत नाही; सूचनापत्र मात्र प्रत्येक खात्यासाठी तयार होते. तुम्ही दिलेल्या ओळी अशा आहेत (सर्वांच्या सोयीसाठी फील्डची, म्हणजे माहिती साठवायच्या जागांची, नावे मराठीत घेतली आहेत):

सबट्रॅक्ट खर्च फ्रॉम शिल्लक.
इफ शिल्लक लेस दॅन झिरो
    डिस्प्ले ‘शिल्लक अपुरी’.
    परफॉर्म सूचनापत्र.

तुमचा संशय इफवर आहे, पण इफ आपले काम अगदी बरोबर करत आहे. पहिल्या तक्रारीचे मूळ या ओळींत नसून वर डेटा डिव्हिजनमध्ये, म्हणजे फील्ड घोषित करण्याच्या भागात आहे. तिथे तुम्ही शिल्लक हे फील्ड ‘पिक नाइन ऑफ फोर’ असे घोषित केले आहे, म्हणजे चार अंकांची जागा मागितली आहे, पण चिन्हाची जागा मागितलेली नाही. वजाबाकीचे उत्तर उणे ३० येते, ते या फील्डमध्ये ठेवताना चिन्ह गळून पडते आणि ००३० एवढेच उरते. असे फील्ड शून्यापेक्षा लहान होऊच शकत नाही, त्यामुळे इफची अट कधीच खरी ठरत नाही. घोषणेत नाइनच्या आधी एस हे अक्षर लिहा, म्हणजे चिन्ह टिकेल. ‘ऑन साइझ एरर’ लावूनही हा दोष पकडता आला नसता, कारण ती तपासणी अंक मावतात की नाही एवढेच पाहते, चिन्हाकडे पाहत नाही.

मी नव्या माणसाला नेहमी हेच सांगतो की कोबोलचे स्टेटमेंट वाचण्याआधी त्यातल्या प्रत्येक फील्डचे पिक्चर (घोषणेत ‘पिक’ने सांगितलेला आकार) वाचावे. १९५९ साली कोडासिल समितीने या भाषेचे काम हाती घेतले, तेव्हा व्यवहाराचे प्रोग्रॅम साध्या इंग्रजीसारखे वाचता यावेत हा एक मुख्य हेतू होता आणि ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या आधीच्या भाषेचा त्यावर मोठा प्रभाव होता. तो हेतू इतका सफल झाला की क्रियापद समजले म्हणजे स्टेटमेंट समजले असे वाचणाऱ्याला वाटू लागते. प्रत्यक्षात क्रियापद अर्धीच गोष्ट सांगते, उरलेली अर्धी पिक्चरमध्ये असते.

मूव्ह, म्हणजे एका फील्डमधील मूल्य दुसऱ्यात ठेवणे, घ्या. १२३४५.६७ ही संख्या ‘नाइन ऑफ फोर, व्ही, नाइन नाइन’ अशा फील्डमध्ये मूव्ह केली तर तिथे २३४५.६७ पोहोचते. व्ही म्हणजे मानलेला दशांश बिंदू. तो साठवला जात नाही, फक्त सहा अंक साठवले जातात, आणि दोन्ही फील्डचे बिंदू जुळवून जे डावीकडे मावत नाही ते टाकून दिले जाते. मजकुराचे मात्र उलट आहे: आठ अक्षरांचे नाव ‘एक्स ऑफ फाइव्ह’मध्ये टाकले तर पहिली पाच अक्षरे राहतात आणि शेवटची तीन जातात. दोन्ही वेळा प्रोग्रॅम न थांबता पुढे चालू राहतो. नोकरीच्या सुरुवातीला एका अहवालातील एकूण रकमेचा पहिला अंक असाच गेला होता आणि मी दोन दिवस बेरजेची ओळ तपासत बसलो होतो, कारण बेरीज बरोबर होती आणि तिच्यानंतरच्या मूव्हकडे पाहावे असे मला सुचलेच नाही.

गणिताच्या क्रियापदांत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: उत्तर कुठे जाते. ‘ॲड अ टू ब’मध्ये ब बदलतो आणि ‘सबट्रॅक्ट अ फ्रॉम ब’मध्येही ब बदलतो, हे वाचताना पटते. पण ‘मल्टिप्लाय अ बाय ब’मध्येही बदलतो तो ब, आणि इथे इंग्रजी कान हमखास फसतो. शेवटी ‘गिव्हिंग क’ लिहिले तर फक्त क बदलतो.

आता सूचनापत्राकडे येऊ. डिस्प्लेच्या ओळीनंतर तुम्ही पूर्णविराम दिला आहे आणि कोबोलमध्ये पूर्णविराम दिला की इफ तिथेच संपतो, मग पुढची ओळ कितीही आत सरकवून लिहिलेली असो. परफॉर्म (नाव दिलेला पॅराग्राफ, म्हणजे आज्ञांचा गट, चालवणारे क्रियापद) त्यामुळे अटीबाहेर पडला आहे आणि प्रत्येक खात्यासाठी चालतो. १९८५ च्या मानकापासून ‘एंड-इफ’ उपलब्ध आहे. डिस्प्लेनंतरचा पूर्णविराम काढा, परफॉर्मनंतर एंड-इफ लिहा आणि पूर्णविराम पॅराग्राफच्या अगदी शेवटी एकदाच द्या. जुन्या प्रोग्रॅममध्ये ‘नेक्स्ट सेंटेन्स’ दिसले तर मात्र सावध राहा: ते एंड-इफच्या पुढच्या ओळीवर नव्हे, तर पुढच्या पूर्णविरामापलीकडे उडी मारते, आणि पूर्णविराम कमी केल्यावर ती उडी भलतीच लांब होते. तिथे ‘कंटिन्यू’ वापरणे सुरक्षित.

सूचनापत्र हा पॅराग्राफ मुख्य भागाच्या खालीच लिहिला असेल, तर त्याच्याआधी ‘स्टॉप रन’ (प्रोग्रॅम थांबवणारी आज्ञा) आहे ना हेही पाहा. नसेल तर मुख्य भाग संपल्यावर प्रोग्रॅम ओघाने त्या पॅराग्राफमध्ये शिरेल आणि शेवटी एक पत्र जास्तीचे निघेल.

एस लावल्यावर शिल्लक तशीच डिस्प्ले केली, तर मेनफ्रेम या मोठ्या संगणकावर उणे ३० च्या जागी दोन शून्ये, एक तीन आणि शेवटी महिरपी कंस दिसेल. घाबरू नका: चिन्हासाठी वेगळी जागा न मागितल्यामुळे ते शेवटच्या अंकातच मिसळून साठवले जाते. दाखवण्यासाठी ‘उणे चिन्ह, झेड झेड झेड नाइन’ असे वेगळे फील्ड करून शिल्लक त्यात मूव्ह करा. मग तीन खाती चालवून पाहा: ५० मधून ८०, ८० मधून ५० आणि ५० मधून ५०. संदेश आणि पत्र पहिल्याच खात्यासाठी यायला हवे. तिसऱ्यात शिल्लक शून्य राहते आणि शून्य हे शून्यापेक्षा लहान नसते. त्या खात्यालाही पत्र जावे असा तुमचा नियम असेल, तर ‘लेस दॅन’ऐवजी ‘नॉट ग्रेटर दॅन’ लिहा.