स्टुटगार्टची नोकरी आणि ‘माझ्याने होणार नाही’

सप्रेम नमस्कार.

चाकणची नोकरी सोडून स्टुटगार्टला यावे का, असे आपण विचारले आहे आणि न येण्याची चार कारणेही दिली आहेत: वय 39 झाले, शिक्षण मराठी माध्यमातून झाले, जर्मन जेमतेम ए-2 पर्यंत (ए-1 ते सी-2 या भाषेच्या सहा पातळ्यांपैकी खालून दुसरी) आले आणि स्वभाव भिडस्त आहे. माझ्या मते ही चार कारणे एका पंक्तीला बसवण्यासारखी नाहीत.

पहिल्या शंकेचे उत्तर कागदावर मिळते. जर्मनीत नोकरीसाठी प्रथमच येणाऱ्याचे वय 45 च्या पुढे असेल, तर पगाराची किंवा निवृत्तिवेतनाच्या तरतुदीची जादा अट लागू शकते; आपण त्याच्या बरेच अलीकडे आहात. भाषेचेही तसेच. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणारा नोकरी-वास्तव्याचा परवाना, असणाऱ्याला बी-1 असल्यास 21 महिन्यांच्या नोकरीनंतर, तर नुसत्या ए-1 वर 27 महिन्यांनंतर कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. म्हणजे सहा महिने उशीर होतो, वाट बंद होत नाही.

उरलेली दोन कारणे मात्र आपणच स्वतःविरुद्ध पूर्वी कधीतरी दिलेले निकाल आहेत. त्यांपैकी मराठी माध्यमाचा न्यूनगंड इथे फारसा टिकत नाही, कारण संध्याकाळच्या जर्मन वर्गात कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलेही नामांची लिंगे पाठ करताना आपल्याच बाकावर बसलेले असतात. (शिवाय समोरच्या जर्मन सहकाऱ्यालाही इंग्रजी ही परकीच भाषा असते.)

भिडेचे प्रकरण अधिक खोल आहे. बैठकीत विचारले जाते, “चाचणीचा अहवाल शुक्रवारपर्यंत होईल का?” यंत्र गुरुवारपर्यंत दुसऱ्यांसाठी राखून ठेवलेले आहे, हे ठाऊक असूनही आपला माणूस “हो, बघतो” म्हणतो. पुण्यातल्या साहेबाला त्या ‘बघतो’मधला नकार बरोबर कळतो, इथे तो होकार नावानिशी आणि तारखेनिशी टिपला जातो, आणि शुक्रवारी अहवाल आला नाही की माणूस बेभरवशाचा ठरतो. यात दोष भाषेचा नसतो. ‘शुक्रवारी नाही, मंगळवारी’ एवढे म्हणायला ए-1 पुरते; घशाशी अडकते ती वरिष्ठाला नाही म्हणणे म्हणजे उद्धटपणा, ही समजूत. म्हणून सध्याच्याच नोकरीत काही दिवस एक वही ठेवावी आणि मनाविरुद्ध दिलेल्या प्रत्येक होकारापुढे आपल्याला खरे काय म्हणायचे होते आणि कशाची भीती वाटली, ते लिहावे. मग एखाद्या किरकोळ कामाला चाकणमध्येच स्पष्ट नकार देऊन पाहावा. ज्याला आपण स्वभाव म्हणता त्यात सवय किती आहे, हे विमानात बसण्यापूर्वी कळलेले बरे, कारण इथे परिवीक्षा काळ बहुधा सहा महिन्यांचा असतो आणि त्यात दोन आठवड्यांच्या सूचनेवर नोकरी जाऊ शकते.

आई-वडिलांचा उल्लेख आपण पत्रात एकदाच, तोही कंसात केला आहे. मला तेच खरे कारण वाटते. त्यांच्यासाठी थांबायचे असेल, तर तसे सरळ म्हणावे. त्यासाठी वयाची आणि माध्यमाची ढाल कशाला? आणि यायचेच असेल, तर 1 मार्च 2024 पासून पहिला परवाना मिळालेल्या कुशल कर्मचाऱ्यांना आई-वडिलांना आणण्याची तरतूद आहे. मात्र त्यांचा निर्वाहखर्च आणि आरोग्यविमा यांची सोय दाखवावी लागते, आणि उतारवयात असा विमा मिळणेच कठीण असते. ती चौकशी नियुक्तीपत्रावर सही करण्यापूर्वी, त्या दोघांना समोर बसवून करावी.