आशिया नावाचा दगड : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लघुग्रहांवर लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, '६७ आशिया हा दगडी लघुग्रह आपल्या मद्रासहून सापडला'. बाकी चार पानं कोणी वाचली की नाही देव जाणे, पत्रं मात्र सगळी ह्याच वाक्यावर आली. म्हणून ह्या वेळी हाच एक दगड घेऊ.

प्रश्न : सर, भारतातून लघुग्रह सापडला हे खरंच आहे का? आणि मग नाव आशिया का, इंडिया का नाही?
(इयत्ता नववी, सातारा)

खरंय गं. १७ एप्रिल १८६१, मद्रासची वेधशाळा, शोधणारा नॉर्मन पॉग्सन. त्याच वर्षी तो इंग्लंडहून इथे आला होता आणि आल्या आल्या हा लघुग्रह हाती लागला. संपूर्ण आशिया खंडातून सापडलेला हा पहिलाच लघुग्रह, म्हणून आशिया. शिवाय तेव्हा लघुग्रहांना ग्रीक-रोमन पुराणातली बायकांची नावं द्यायची पद्धत होती, आणि ग्रीक पुराणात आशिया नावाची एक देवता आहेच, त्यामुळे एका नावात दोन्ही कामं झाली. ६७ म्हणजे यादीतला नंबर, पहिला नंबर तुझ्या पुस्तकातल्या सेरेसचा, १८०१ चा.

शोधला कसा हे जास्त भारी आहे. तेव्हा आकाशाचे फोटो काढून लघुग्रह शोधत नव्हते, ते १८९१ पासून सुरू झालं, आणि पॉग्सन गेला तो त्याच वर्षी. ह्याचं काम म्हणजे समोर ताऱ्यांचा नकाशा, दुर्बिणीला डोळा, आणि एकेक ठिपका नकाशाशी ताडून बघायचा, नकाशात नसलेला दिसला की खूण करायची आणि दुसऱ्या रात्री परत यायचं, तारा असेल तर जागेवर असतो, लघुग्रह असेल तर सरकलेला असतो. तांदूळ निवडताना खडा शोधावा तसं, फक्त इथे तो सरकेपर्यंत खडा आहे हेच कळत नाही. आणि हे मद्रासच्या एप्रिलमध्ये, घाम पुसत!

जाता जाता, पॉग्सनची मुलगी एलिझाबेथ आयसिस हिने १८७३ पासून त्याच वेधशाळेत पंचवीस वर्षं आकडेमोडीचं काम केलं. त्याने आधी ऑक्सफर्डहून शोधलेल्या ४२ नंबरच्या लघुग्रहाचं नाव आयसिस आहे, ते तिच्यावरूनच असं मानतात. १८८६ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी तिचं नाव सुचवलं होतं, पण बाई म्हणून अडलं, शेवटी घेतलं ते १९२० मध्ये. वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचारी नावाचे सहायकही होते, त्यांनी १८६७ मध्ये एक रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारा, तारा शोधला. ही दोन नावं मला कॉलेज संपेपर्यंत कोणी सांगितली नव्हती, तू नववीतच वाचतेयस.

प्रश्न : आमचा खडी क्रशर आहे. दगड फोडून हातात घेतल्याशिवाय आम्हाला काय कळत नाही. तुम्ही तिथे न जाता 'दगडी आहे' कशावरून ठोकून देता?
(तासगाव, जि. सांगली)

दादा, प्रश्न आवडला. आशियावर अजून कोणी गेलेलं नाही हे खरं, पण उजेड आपल्यापर्यंत येतो ना, त्यावरून काम चालतं. सूर्याचा प्रकाश दगडावर पडतो, काही दगड गिळतो, उरलेला परत फेकतो, आणि कुठला दगड कुठला रंग गिळतो हे ठरलेलं असतं. ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन ही खनिजं डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये १ मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास मोठा घास घेतात, पायरॉक्सिन २ मायक्रॉनच्या आसपास अजून एक. लघुग्रहाचा उजेड रंगारंगात फोडून त्याचा आलेख काढला आणि त्यात त्या ठिकाणी खळगे दिसले की समजायचं, सिलिकेटचा दगड आहे. अशांना एस टाइप म्हणतात, आशिया त्यातलाच. शिवाय कोळशासारखे काळे कार्बनवाले लघुग्रह पडलेल्या प्रकाशातला शंभरात पाचएक भागच परत देतात, आणि हा साधारण चौथा-पाचवा हिस्सा देतो.

तुम्ही रोज फोडता त्या काळ्या पाषाणातही पायरॉक्सिन असतंच. पण म्हणून आशिया म्हणजे आपल्यासारखा बेसॉल्ट असं समजू नका. आपला दगड लाव्हा थिजून झालाय, आणि हे एस टाइपवाले बरेचसे कधी पूर्ण वितळलेच नाहीत. त्यांच्याशी जुळणारी उल्का, म्हणजे आकाशातून जमिनीवर पडलेला दगड, कापली तर आत मोहरीएवढे किंवा त्याहून बारीक गोल गोल दाणे दिसतात, मधे लोखंडाचे चमकणारे कण, चुंबक लावला तर चिकटतो.

आता तुमच्याच धंद्यातली गोष्ट. खाणीत उघड्यावर पडलेल्या धोंड्याला वर तांबूस साल येते आणि फोडला की आत काळाभोर निघतो, बरोबर? लघुग्रहाचंही तसंच. तिथे हवा नाही पाऊस नाही, पण सूर्याकडून येणारे कण आणि बारीक धुळीचा मारा कोट्यवधी वर्षं बसतो, वरच्या थरात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि पृष्ठभाग लालसर, मळका दिसायला लागतो. ह्या सालीमुळेच शास्त्रज्ञ कित्येक वर्षं भांडत होते, की पृथ्वीवर सगळ्यात जास्त पडणाऱ्या साध्या दगडी उल्का जर ह्यांच्याच पोटातल्या, तर रंग जुळत का नाही? मग जपानच्या हायाबुसा यानाने इटोकावा नावाच्या लघुग्रहाची धूळ आणली. तो आशियासारखा मंगळ आणि गुरूच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातला नाही, पृथ्वीजवळ फिरणारा आहे, पण टाइप तोच. २०१० मध्ये कुपी ऑस्ट्रेलियात उतरली, आत हजार-दीड हजार कण, डोळ्याला दिसणारही नाहीत एवढे, आणि ते दगडी उल्कांशी जुळले, सालीसकट. म्हणजे फोडून बघायचं तुमचं म्हणणं शेवटी आम्हालाही मान्यच करावं लागलं.

प्रश्न : हा पृथ्वीवर आदळू शकतो का? घरात लहान मुलं घाबरलीयत.
(डोंबिवली)

नाही. सूर्याच्या सगळ्यात जवळ येतो तेव्हाही तो जवळजवळ साडेएकोणतीस कोटी किलोमीटरवर असतो आणि आपण पंधरा कोटींवर. मंगळाच्या जवळपास दोन फेऱ्या होतात तेवढ्यात ह्याची एक, ३.७७ वर्षांची, शांतपणे चालू असते. रुंदी साधारण ६० किलोमीटर, म्हणजे तुमच्या लोकलने सीएसएमटी ते अंबरनाथ. मुलांना सिनेमातलं दगडांचं ट्रॅफिक जॅम आठवत असेल तर सांगा की अख्ख्या पट्ट्यातला माल गोळा केला तरी चंद्राच्या तीन-चार टक्केच भरतो, आणि दोन दगडांमधे लाखो किलोमीटर मोकळी जागा असते.

प्रश्न : रिटायरमेंटला चार इंची दुर्बीण भेट मिळाली, टेरेसवर पडून आहे. आशिया दिसेल?
(नाशिक)

काका, दिसेल, पण ठिपकाच दिसेल, आणि टेरेसवर नको, गावाच्या उजेडापासून लांब जा. प्रतियुतीला, म्हणजे आपल्या आकाशात सूर्याच्या बरोब्बर विरुद्ध बाजूला आला की बघायचा. अगदी जवळ आला तरी दहाव्या प्रतीच्या आसपासच असतो (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका ठिपका मंद). नुसत्या डोळ्याला सहाव्या प्रतीपर्यंत दिसतं, आणि एक प्रत म्हणजे २.५१२ पट फरक, म्हणजे चार प्रतींमागे साधारण चाळीस पट मंद. हा २.५१२ चा हिशोब बसवला कोणी माहितीये? १८५६ मध्ये, ह्याच पॉग्सनने. स्वतःचा दगड किती मंद आहे हे त्याच्याच फूटपट्टीने मोजायचं!

पण सुरुवात वेस्टा ह्या जास्त तेजस्वी लघुग्रहापासून करा, तो बायनॉक्युलरमधेही सापडतो. मोबाइलवर स्टेलॅरियम ह्या आकाशाच्या नकाशाच्या अ‍ॅपमधे जागा बघायची, वहीत आसपासचे आठ-दहा तारे पेन्सिलने टिंबं देऊन काढायचे आणि एक-दोन रात्रींनी परत ताडून बघायचं, एका रात्रीत तो चंद्राच्या बिंबाच्या साधारण निम्मा सरकतो. मी वांगणीला केलं होतं, दुसऱ्या रात्री ढग, तिसऱ्या रात्री बघतो तर एक टिंब वहीतल्या जागेवर नाही! तेवढ्यासाठी चहा थंड झाला. फक्त वहीवर तारीख आणि वेळ टाका. मी टाकली नव्हती, घरी आल्यावर चित्र कुठल्या रात्रीचं ते आठवेना, शेवटी त्याच पानावर मागे बायकोने दुधाचा हिशोब लिहिला होता त्यावरून तारीख काढली.