पहिलाच टँक लावायलास? मासे जरा उशिरा आण

भाऊ, दोन फुटाचा टँक घेतलास ते बेस केलास, बाऊलच्या नादी लागला नाहीस. आता झाडं लाव, फिल्टर चालू ठेव अन् चिमूटभर खाद्य टाकत रहा, ते कुजून अमोनिया होतोय अन् तो पचवणारे जिवाणू वाढतेत. त्याला चार-सहा आठवडे लागतेत, पाणी तपासायच्या किटवर अमोनिया-नायट्राइट (माशांना विषारी) शून्य दिसलं की मगच मासे. दुकानदार लगेच न्या म्हणतोच, त्याचं काय जातंय!

आपल्याकडं बोअरचं पाणी जड (क्षार जास्त), पण उगं निव्वळ आरओचं भरू नको, वॅलिस्नेरियाचं झाड अन् गप्पी मासे जड पाण्यातच मस्त राहतेत. जावा फर्नच्या झाडाचा आडवा जाड देठ वाळूत पुरू नको, सडतोय, दोऱ्यानं दगडाला बांध. लाईट सहा-सात तास बास, नाहीतर शेवाळ हाय. मे महिन्यात पाण्यावर छोटा फॅन लाव.