डिमेन्शिया असलेल्या सासूबाईंसाठी निवासी केंद्र निवडताना नेमकं काय बघावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सासूबाई ७६ वर्षांच्या, निदान होऊन चार वर्षं झाली, गेल्या दोन महिन्यांत दोनदा पहाटे कडी काढून रस्त्यावर गेल्या, तुम्ही दोघंही नोकरीला. पुण्यातली तीन केंद्रं पाहून आलात, तिन्ही 'चांगली वाटली', आता कुठलं घ्यावं ते सुचत नाही. मी डॉक्टर नाही. माझ्या वडिलांसाठी, नानांसाठी, आम्हाला हे दोनदा करावं लागलं, कारण पहिल्यांदा चुकलो.

आधी एक विचारते. ती तिन्ही केंद्रं तुम्ही किती वाजता पाहिलीत? बहुतेक सकाळी अकराच्या सुमारास, फोनवर वेळ घेऊन. आम्हीही तसेच गेलो होतो. अकरा वाजता सगळीच केंद्रं चांगली असतात. सगळ्यांच्या आंघोळी उरकलेल्या, केस विंचरलेले, गळ्याशी पावडर, कोपऱ्यात अभंग लावलेले. तुम्ही संध्याकाळी साडेपाच ते आठ या वेळात जा. दिवेलागणीला ही माणसं अस्वस्थ होतात, येरझाऱ्या घालतात, 'मला घरी जायचंय' सुरू होतं. डॉक्टर याला सनडाउनिंग म्हणतात. आमची आई 'यांची कातरवेळ सुरू झाली' म्हणायची, आणि मला तेच जास्त पटतं. नेमकी हीच वेळ पाळी बदलायची. दिवसपाळीच्या मावश्यांचं लक्ष बसकडे, रातपाळीच्या अजून पोचायच्या. जागा कशी आहे ते तेव्हा कळतं.

नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते, शेवटची बरीच वर्षं पाटण आगारात. आजार वाढला तसं त्यांचं रिटायर होणंच पुसलं गेलं. संध्याकाळ झाली की उठायचे, शर्टाची वरची गुंडी लावायचे आणि विचारायचे, "ढेबेवाडीची वस्तीची गाडी लागली का?" आम्ही घरात आधी समजावायचो, मग चिडायचो. "नाना, तुम्ही रिटायर होऊन वीस वर्षं झाली!" असं सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती यायची, ती अजून डोळ्यांपुढून जात नाही. त्यांना ती बातमी दर वेळी नव्यानंच कळायची.

पहिलं केंद्र दिसायला फार देखणं होतं. ग्रॅनाइटची फरशी, लिफ्ट, मासे सोडलेली काचपेटी, पुढे हिरवळ. आज खरं सांगायचं तर ते आम्ही नानांसाठी निवडलंच नव्हतं. 'लेकीनं बापाला आश्रमात टाकलं' असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना फोटो पाठवता यावेत म्हणून निवडलं होतं. मनात अपराधीपणा असला की माणूस इमारत बघतो. गुळगुळीत ग्रॅनाइट म्हाताऱ्या पायांना किती घातक, हेही तेव्हा डोक्यात आलं नाही.

सातव्या आठवड्यात न सांगता संध्याकाळी गेले. नाना खुर्चीत, मान एका बाजूला, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ, आणि कमरेभोवती ओढणी बांधून गाठ खुर्चीच्या मागे मारलेली. "पडतात ना सारखे, सेफ्टीसाठी," असं उत्तर मिळालं. औषधांची वही मागितली तर त्यात क्वेटियापिन या मनोविकारांवरच्या (अँटिसायकोटिक) औषधाचा वाढवलेला डोस. आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. या गटातली औषधं कधीकधी लागतात, नानांना पुढेही अगदी कमी मात्रेत लागली. पण डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ सालीच त्यांवर ठळक इशारा छापायला लावला. माणूस फार फिरतो म्हणून त्याला झोपवून ठेवायला ती नाहीत. तेव्हा प्रत्येक केंद्राला हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या : नवीन गोळी सुरू करायच्या किंवा मात्रा वाढवायच्या आधी आम्हाला फोन येईल का? औषधांची नोंद आम्हाला कधीही बघता येईल का? बांधून ठेवता का? शेवटच्या प्रश्नावर 'नाही, कधीच नाही' असं झटकन म्हणणाऱ्यांपेक्षा 'मग पडू नये म्हणून आम्ही काय करतो ते दाखवतो' म्हणणाऱ्यांवर माझा जास्त विश्वास बसतो.

दुसरं केंद्र म्हणजे सासवड रस्त्याला एक जुना बैठा बंगला, रंग उडालेला. आईनं बाहेरूनच नाक मुरडलं. आम्ही सहा वाजता गेलो होतो, नानांना बरोबर घेऊन. आत शिरल्यावर पाच मिनिटांत ते उठले, गुंडी लावली आणि ढेबेवाडीच्या गाडीचं विचारलं. माझ्या पोटात गोळा आला. तिथल्या एक मावशी, पन्नाशीच्या, हातात लसणाच्या पाकळ्या, मानही फारशी वर न करता म्हणाल्या, "न्हाई सायेब, आजून यायचीय. घाटात आडाकली आसंल. तंवर च्या घेता का?" नाना बसले. चहा घेतला. वर "ड्रायव्हर कोण आहे?" म्हणून विचारलं. मावशी म्हणाल्या, "त्ये तुमास्नीच ठावं."

आम्ही बाकीचं काही न बघता तिथेच ठरवलं असतं तरी चाललं असतं. 'मला घरी जायचंय' याला तिथली माणसं काय उत्तर देतात, ते स्वतःच्या कानांनी ऐका. 'हेच तुमचं घर आता, बसा बरं' हे उत्तर ऐकू आलं तर मी तरी तिथून निघेन.

याच्याच पोटातली दुसरी गोष्ट म्हणजे भाषा. नाना पुण्यात बरीच वर्षं राहून शहरी मराठी बोलायचे, हिंदीही यायची. आजारात हिंदी गेली, मग पुणेरी वळण गेलं, शेवटी उरली ती गावाकडची बोली. पहिल्या केंद्रातली मुलं लांबच्या राज्यांतून आलेली, मनानं वाईट नव्हती, पण नाना 'मुतायला जायचंय' म्हणायचे ते त्यांना कळत नव्हतं आणि मग चादर ओली झाली की 'बाबा त्रास देतात' अशी तक्रार. सासूबाई घरात कानडी, कोकणी, अहिराणी, काय बोलत असतील ते समजणारं एक तरी माणूस प्रत्येक पाळीत हवं.

मावश्या किती आहेत हे सगळेच विचारतात. रात्री किती आणि त्यातल्या जाग्या किती, हे विचारा. तुमच्या सासूबाई पहाटे उठतात, म्हणजे तुमचा प्रश्नच रात्रीचा आहे. सगळ्यात जुनी मावशी किती वर्षं आहे, तेही विचारा, आणि शक्य असेल तर त्या मावशीलाच विचारा. दर दोन महिन्यांनी माणसं बदलणाऱ्या ठिकाणी ढेबेवाडीची गाडी कुणाच्या लक्षात राहणार?

वास घ्या. लघवीचा थोडा वास असणारच, कुणाला तरी नुकतंच झालेलं असतं. फिनेलचा भपकारा मला जास्त खटकतो. जेवणाच्या वेळी थांबा. भाकरी दुधात कुस्करून भरवणारा हात घाई करतोय का, घास गिळल्याची वाट बघतोय का, ते दिसतं. पुढे पुढे गिळायला त्रास होतो आणि घाईत दिलेला घास श्वासनलिकेत गेला की न्यूमोनिया होतो, म्हणून हे बघायचं. अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल तर दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद मागा. सीसीटीव्हीवर फार जाऊ नका. पहिल्या केंद्रानं मोबाइलवर कॅमेरा दिला होता. ओढणी त्यात कधी दिसली नाही.

आणखी एक प्रश्न, जो आम्हाला पहिल्या वेळी सुचला नव्हता : कुठल्या परिस्थितीत तुम्ही पेशंटला परत न्यायला सांगाल? अनेक वृद्धाश्रम 'डिमेन्शिया चालेल' म्हणतात आणि माणूस रात्री ओरडायला लागला, हात उगारला किंवा नळीनं भरवायची वेळ आली की आठ दिवसांत घेऊन जा म्हणून फोन येतो. करारात ते कलम असतं, बारीक अक्षरात. अचानक गोंधळ वाढला तर आधी लघवीची तपासणी करतात का, हेही विचारा. म्हाताऱ्या माणसात मूत्रमार्गाचा संसर्ग कधीकधी ताप न दाखवता नुसता भ्रम दाखवतो, आणि तो औषधानं बरा होतो. हे ठाऊक नसलेलं केंद्र थेट झोपेची गोळी काढतं.

पैशांचं : आम्ही पाच ठिकाणं पाहिली, महिना २८ हजारांपासून ६५ हजारांपर्यंत. डायपर, औषधं, फिजिओ, दवाखान्यात नेलं तर सोबतीचा माणूस, हे बहुतेक ठिकाणी वेगळं. अनामत किती, आणि माणूस गेल्यावर ती किती दिवसांत परत, हे विचारायला संकोच वाटतो, विचारा. जीएसटीचंही विचारून घ्या. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमात साठीपुढच्या माणसासाठी महिना २५ हजारांपर्यंतच्या शुल्कावर तो माफ आहे, खासगी कंपनीचं गणित वेगळं.

कागदपत्रांकडे मात्र आत्ताच बघा. मुखत्यारपत्र करून ठेवलंय म्हणून बरेच जण निर्धास्त असतात. आपल्या कायद्यात देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारपत्राचा अधिकारही संपतो. मग सासूबाईंच्या नावचा फ्लॅट विकून खर्च भागवायचा तर उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. त्यांना अजून थोडं कळत असेल तर डॉक्टरांकडून तसं लिहून घ्या आणि वकिलाला याच आठवड्यात भेटा. पेन्शन असेल तर हयातीचा दाखला केंद्रात बसून मोबाइलवर चेहरा दाखवून करता येतो. नानांची ईपीएस-९५ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीकडून मिळणारी तुटपुंजी पेन्शन, त्यासाठी फोन म्हणायचा पापणी मिटा, आणि नाना फोनकडे टक लावून बघत राहायचे. शेवटी मी शेजारी उभी राहून फुंकर मारली.

एकदम कायमचं ठेवू नका. पंधरा दिवस, महिनाभर ठेवून बघण्याची सोय अनेक केंद्रांत असते. पहिले दोन आठवडे भेटायला येऊ नका, त्यांना रुळू दे, असं काही ठिकाणी सांगतात. मला ते मान्य नाही. मी दुसऱ्या केंद्रात पहिल्या आठवड्यात रोज गेले, वेळ बदलून बदलून. कुणी हरकत घेतली नाही, हाही मला एक दाखलाच वाटला.

आणि खरंच हलवायची वेळ आली आहे का, असं मनात असेल तर : पहाटे रस्त्यावर जाणं ही साधी गोष्ट नाही, तुम्ही घाई करत नाही आहात. तरी मधला रस्ता बघून घ्या. दिवसाचं केंद्र आणि रात्री घरी एक मावशी, यावर आमचं वर्षभर निभावलं. गोव्यात 'संगथ' या संस्थेनं साध्या, प्रशिक्षण दिलेल्या माणसांना घरोघर पाठवून बघितलं होतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सांभाळणाऱ्यांचा ताण कमी झालेला दिसला. तसा आधार तुमच्या भागात कुठे मिळतो का ते 'एआरडीएसआय' या अल्झायमर-डिमेन्शियासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या जवळच्या शाखेत आणि १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर विचारा. चांगल्या ठिकाणी जागा लगेच मिळतच नाही. २०२३ साली आलेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या दर शंभरात सात जणांना डिमेन्शिया निघाला, आणि त्यांच्यासाठीच्या खाटा अगदी मोजक्या. प्रतीक्षायादीत नाव घालून ठेवा, मग विचार करत बसा.

नातेवाईक बोलतील. आमची आत्या बोलली, मग एक रात्र नानांजवळ झोपायला आली, मग बोलली नाही.

तिन्हींतलं कुठलं, ते मी इथून सांगू शकत नाही. या आठवड्यात तिन्हीकडे सहा वाजता जा, सासूबाईंना घेऊन. निवडलंत की मावश्यांच्या हातात देण्यासाठी एक कागद लिहा. एकच पान, मोठ्या अक्षरात, वैद्यकीय काही नको. नानांच्या कागदावर होतं : चहात साखर दोन चमचे. डाव्या कुशीवर झोपतात. 'बाबा' म्हटलेलं आवडत नाही, 'साहेब' म्हणा. ढेबेवाडीची गाडी उशिरा येते. तिथल्या मावशींनी तो वाचून त्यांना एक जुनी वही आणि पेन दिलं, आणि नाना संध्याकाळी त्यात गाड्यांच्या वेळा मांडत बसायचे, १८.१०, १८.४५, पुढे सही. शेवटच्या पानांवर नुसत्या रेघा आहेत, पण सही प्रत्येक पानावर आहे.

सासूबाई आयुष्यभर काय करायच्या, ते तुम्ही लिहिलं नाहीत. मिस्टरांना विचारा. लहानपणी सासूबाईंना घरात कुठल्या नावानं हाक मारायचे, तेही. मिस्टरांना माहीत नसेल तर सासूबाईंचं भावंड कुणी हयात असेल त्यांना आजच फोन करा.