व्यायामानंतर भूक मरते की वाढते? भारतीयांचं शरीर गोऱ्यांपेक्षा वेगळं वागतं का?

भुकेच्या बाबतीत फारसं नाही. हृदयाच्या बाबतीत मात्र हो.

दम लागेपर्यंत धावून आलात की समोर गरम पोहे आले तरी थोडा वेळ घास नको वाटतो. जठरातून सुटणारं, भूक चाळवणारं घ्रेलिन हे हार्मोन जोरकस व्यायामात घटतं. पीवायवाय आणि जीएलपी-१ ही आतड्यातली ‘पुरे’ म्हणणारी हार्मोन्स वाढतात. तासा-दोन तासांत सगळं पूर्ववत. रमतगमत चालण्याने हे विशेष होत नाही. (पोहून आल्यावर पोटात कावळे ओरडतात, ती गंमत वेगळीच.) दक्षिण आशियाई आणि गोऱ्या युरोपीय लोकांची तुलना झाली, तेव्हा हा प्रतिसाद साधारण सारखाच निघाला.

हृदयाची खरी मेख चरबीत आहे: वजन-उंची सारखी असली तरी भारतीयांच्या अंगात चरबी जास्त असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये चक्क स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! युडकिन मॅरेथॉन धावणारे, तर याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे लिफ्टचं दार बंद होण्याआधी धावत गाठणं, असं त्यांनीच मिश्कीलपणे लिहिलंय.

आपल्याकडे जेवणानंतर रक्तात ट्रायग्लिसराइड्सही (हृदयाला त्रासदायक ठरणारी रक्तातली चरबी) जास्त चढतात. आदल्या दिवशी झपझप चाललं, तर ते कमी चढतात. आणि वजन सारखं असलं तरी चरबी वेगळी असू शकते, म्हणून वजनकाट्यापेक्षा टेप घ्या: कंबर पुरुषांची ९० सेंमीच्या, बायकांची ८० सेंमीच्या आत हवी.